नवी टाइल, जुना स्लॅब

मुंबईत पार्ले पूर्वेतला जुना टू बीएचके कुणीतरी विकत घेऊन वर्षभरात रंगरंगोटी करून दुप्पट भावाने विकायला काढलाय, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: या भावाला नको. आधी आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या फ्लॅटची सूची २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा. मागचा व्यवहार केवढ्याला झाला ते तिथे दिसतं. त्यावर विकणाऱ्याने भरलेलं ५-६ टक्के मुद्रांक शुल्क आणि कामाचा खर्च धरा. उरलेला सगळा त्याचा नफा, आणि तो तुमच्या गृहकर्जातून जाणार.

मग फॉल्स सीलिंग. जुन्या इमारतीत ते कधीकधी ओल आणि उघड्या पडलेल्या सळया झाकायलाही लावतात. लाइटचा एक गोल काढायला लावून आत टॉर्च मारा. बाथरूमच्या नव्या टाइल्सवर जाऊ नका. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, वॉटरप्रूफिंग केलंय की नाही ते तिथे कळतं.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल सेक्रेटरींकडे मागा. पुनर्विकासाच्या नुसत्या चर्चेवर एक रुपयाही जास्त देऊ नका. मध्यमवर्गीय माणसाची आयुष्यभराची कमाई अशा चकचकीत टाइल्सखाली गाडली जाते, याचा मला मनापासून राग येतो.