हीटिंग मॅट नको, ओल सांभाळा

ताई, मिरचीचं बी घरात रुजवायला हीटिंग मॅट, म्हणजे कुंडीखाली ठेवायची विजेची गरम चटई, घ्यावीच लागेल का, असं विचारलंत. गोव्यात अजिबात नको. बी रुजायला २५ ते ३० अंश ऊब लागते, ती आपल्याकडे पावसाळ्यातही घरात असतेच. खरा त्रास ओलीचा. माझी काणकोणच्या खोला मिरचीची पहिली रोपं दोन पानांवर असतानाच बुडाशी काळी पडून आडवी झाली. फार वाईट वाटलं. आता करवंटीला खाली भोक पाडते, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरते, बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल टाकते आणि पाणी खालूनच, ताटलीतून देते. वर प्लास्टिक झाकलंत तर कोंब दिसताच काढा, वारा लागू दे. मग करवंट्या थेट पूर्वेच्या खिडकीत, नाहीतर उजेडासाठी रोपं नुसतीच उंच वाढतात.