मदत हवी आहे: 1500 वॅटचा रॉड, बादली तापायला पाऊण तास

रानवाट: आई आजारी आहे, पहाटे गरम पाणी लागतंच. महिन्यापूर्वी 1500 वॅटचा रॉड आणला. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर 5.1 अँपिअर. 230 व्होल्ट भागिले 5.1 म्हणजे रोध 45 ओहम, आणि 230 गुणिले 5.1 म्हणजे 1173 वॅट. दुकानदार म्हणतो रॉड चांगला आहे. फसवलंय ना मला? उद्या परत जायचंय, लवकर सांगा.

नदीकाठ: 230 मोजलेत की धरलेत?

रानवाट: धरलेत. घरात 230च असतात ना.

विहीरवाला: भाऊ, व्होल्टेज कमी असलं की करंट वाढतो. आमची मोटर अशीच जळाली. स्टॅबिलायझर घ्या, विषय संपला.

नदीकाठ: मोटरचं वेगळं. तिच्यावर पंपाचा भार तसाच असतो, म्हणून ती करंट जास्त ओढते. रॉड म्हणजे नुसती निक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार, तिचा रोध जवळपास तेवढाच राहतो. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. रानवाट, प्लगपाशी व्होल्टेज मोजा, रॉड बंद असताना आणि चालू असताना.

उन्हाची_माणसं: गच्चीवर सोलर बसवा. रॉडवर लाईटबिल किती येतं ते कळतंय का?

रानवाट: बिलाचं विचारलेलं नाही. मोजलं: बंद असताना 200, चालू केल्यावर 180.

नदीकाठ: मग 180 भागिले 5.1 म्हणजे 35.3 ओहम. आता 1500 वॅटच्या रॉडचा रोध काढा: 230 चा वर्ग भागिले 1500, तेही 35.3. रॉड अस्सल आहे, दुकानदाराशी भांडू नका. तुम्हाला मिळतायत 180 गुणिले 5.1 म्हणजे 918 वॅट. व्होल्टेज 22 टक्के कमी, पण वॅट 39 टक्के कमी, कारण करंटही सोबत घटतो. 20 लिटर पाणी 20 वरून 45 अंशांवर न्यायला 1500 वॅटला 23 मिनिटं, 918 ला 38.

विहीरवाला: म्हणजे स्टॅबिलायझरच.

नदीकाठ: थांबा. रॉड लावल्याबरोबर 20 व्होल्ट गेले कुठे? 20 गुणिले 5.1 म्हणजे 102 वॅट वाटेत कुठेतरी जळतायत. स्टॅबिलायझर त्याच वाटेनं आणखी करंट ओढेल, जळणं वाढेल. रानवाट, रॉड कुठे लावता?

रानवाट: एक्स्टेंशनवर. बाथरूममध्ये प्लग नाही. 20 मीटर वायर आहे.

नदीकाठ: हे आधी सांगायचं होतं हो! वायर केवढी? मध्ये जोड आहे?

रानवाट: अर्ध्या चौरस मिलिमीटरची. मध्ये टेप गुंडाळलेला जोड आहे. आत्ता हात लावला, टेप मऊ पडलीय आणि प्लगची एक पिन काळी झालीय.

तारजोड: मी वायरमन आहे. ती वायर आजपासून बंद. 20 व्होल्ट भागिले 5.1 म्हणजे वाटेतला रोध 3.9 ओहम. त्यात वायरचं जाते-येते धरून 40 मीटर तांबं, दीड ओहम झाला, बाकीचा त्या जोडात आणि बाहेरच्या लाईनीत. एवढ्या रॉडला 16 अँपिअरचा प्लग, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग पाहिजेच. मीटरपाशीही रॉड चालू ठेवून मोजा. आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही, आईंनाही सांगा.

उन्हाची_माणसं: सोलरला यातलं काहीच लागत नाही.

तारजोड: पावसाळ्यात काय करता, ताई?

रानवाट: रॉड चालू असताना मीटरपाशी 194. स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगला थेट लावला तर 192 व्होल्ट, 5.4 अँपिअर, म्हणजे 1037 वॅट. बादली तिथेच तापवून नेतो सध्या. वायरमनला उद्या बोलावलंय. पण रॉड बंद असतानाही मीटरपाशीच पहाटे 200 येतात, त्याची तक्रार कुठे आणि कशी द्यायची?