चांदीच्या शोधक्षेत्राचे शब्द: साठा, संसाधन की नुसता अदमास?

चांदीचा शोध चाललेल्या एका क्षेत्राच्या तांत्रिक अहवालाचं मराठी करते आहे. ‘रिसोर्स’, ‘रिझर्व्ह’ आणि ‘एक्स्प्लोरेशन टार्गेट’ हे तीन शब्द पानोपानी येतात. पहिल्या दोन्हींना मी ‘साठा’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. मग रिझर्व्हला ‘राखीव साठा’ म्हणावं का? आणि ‘प्रॉपर्टी’ला मालमत्ता चालेल?

प्रतिसाद
रेघ योग्य आहे. राखीव म्हणजे कुणीतरी मुद्दाम बाजूला ठेवलेलं: राखीव जागा, राखीव वन. खडकातली चांदी कुणी राखून ठेवलेली नसते. खणण्याची पद्धत, धातू वेगळा करण्याचा खर्च, भाव, परवानग्या हे सगळं धरूनही जेवढं काढणं परवडतं, असं किमान पूर्व-व्यवहार्यता अभ्यासाने (खाण परवडेल का याच्या प्राथमिक तपासणीने) दाखवलेलं असतं, तेवढाच भाग रिझर्व्ह. त्याला नुसतं ‘साठा’ म्हणा. रिसोर्सला पुढेमागे काढणं परवडेल अशी वाजवी शक्यता पुरते. त्यासाठी ‘खनिजसंपदा’ सुचवतो.

मालमत्ता नको, त्यात मालकी आली. इथे बहुतेक वेळा फक्त शोध घेण्याचा हक्क असतो. ‘शोधक्षेत्र’ म्हणा.

प्रतिसाद
‘संपदा’ला माझा विरोध. तो शब्द ऐकताच वाचकाला श्रीमंती दिसते आणि अहवालाने न दिलेलं आश्वासन आपण देऊन बसतो. ‘संसाधन’ कोरडं आहे, पण प्रामाणिक आहे. त्याच्या खात्री वाढत जाणाऱ्या तीन पायऱ्या: अनुमानित, निर्देशित, मापित. खनिजांचे आकडे कसे जाहीर करायचे हे सांगणारी ऑस्ट्रेलियाची ‘जॉर्क’ संहिता आणि कॅनडाचे नियम दोन्हींत याच पायऱ्या आहेत. अनुमानितवरून थेट साठ्यावर उडी मारता येत नाही, म्हणून हे विशेषण कधीही गाळू नका. ‘मापित’ही जपून वाचायचा शब्द आहे. तिथेही कुणी तराजू लावलेला नसतो. विंधनछिद्रं (नमुन्यासाठी खडकात पाडलेली भोकं) एकमेकांच्या जवळ घेतलेली असतात, एवढंच.

प्रतिसाद
‘ग्रेड’ला, म्हणजे टनामागे धातू किती याला, काय लिहिलंत? कृपा करून ‘श्रेणी’ नको, ती परीक्षेत मिळते. आपल्याकडे ‘कस’ आहे. सोन्याचा कस लावतात, जमिनीचा कस असतो. धातुकाचाही, म्हणजे धातू असलेल्या खडकाचाही, असू द्या. ‘कट-ऑफ ग्रेड’ म्हणजे किमान कस, त्याच्या खालचा खडक हिशेबात धरायचा नाही. किमान कस खाली आणला की टनभार फुगतो आणि सरासरी कस घसरतो, म्हणून तो आकडा भाषांतरात मुळीच सुटता कामा नये.

हिशेब समजला की शब्द आपोआप जागेवर बसतात. समजा, चांदीची शीर (खडकातला धातूचा पट्टा) ४०० मीटर लांब, २ मीटर जाड आणि १५० मीटर खोल धरली. आकारमान १,२०,००० घनमीटर. घनता घनमीटरला २.७ टन धरली तर ३,२४,००० टन धातुक. कस टनाला २०० ग्रॅम असेल तर चांदी ६४.८ टन, म्हणजे सुमारे २०.८ लाख ट्रॉय औंस. यातली जाडी मोजक्या छिद्रांवरून ठरलेली असते आणि दोन छिद्रांच्या मधला खडक कुणी पाहिलेला नसतो. एखाद्या नमुन्यात कस अफाट निघाला तर तो सरासरी वर ओढतो. म्हणून अशा आकड्यांना वरची मर्यादा घालतात.

मूळ प्रश्नकर्ती
‘कस’ घेतला, आणि ‘संसाधन’ही. टार्गेटला ‘लक्ष्य’ लिहू का? की ‘अटकळ’?

प्रतिसाद
लक्ष्य म्हटलं की ते गाठायचं असतं. अटकळ फार मोकळी. इथे पुरेसं विंधन झालेलं नसलं तरी भूशास्त्राचा आधार आहे. या दोहोंच्या मधला शब्द अदमास. ‘शोध-अदमास’ लिहा. मात्र जॉर्कनुसार तो एका आकड्यात देता येत नाही, टनभार आणि कस दोन्हींचा पल्ला द्यावा लागतो, आणि हे संसाधन नव्हे असं तिथेच सांगावं लागतं. ३ ते ४ लाख टन आणि टनाला १५० ते २०० ग्रॅम असा पल्ला असेल, तर चांदी ४५ टनही निघू शकते आणि ८० टनही. मराठीत ‘सुमारे ६० टन’ असं गोळाबेरीज वाक्य करू नका.

मूळ प्रश्नकर्ती
आता वाक्य असं केलं आहे: ‘या शोधक्षेत्राचा शोध-अदमास ३ ते ४ लाख टन, कस टनाला १५० ते २०० ग्रॅम. हा अदमास संकल्पनात्मक आहे. संसाधन ठरवण्याइतकं विंधन झालेलं नाही आणि पुढील कामातून संसाधन ठरेलच असं नाही.’

प्रतिसाद
उत्तम. पुढे औंस आले तर प्रत्येक ठिकाणी ‘ट्रॉय’ लिहा. तो ३१.१ ग्रॅमचा, साधा औंस २८.३५ ग्रॅमचा.