जात्यावरच्या ओव्या गावातच रेकॉर्ड करायच्या आहेत, सुरुवात कशी करावी?

वाचनवेल:
गावच्या वाचनालयातर्फे जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं ठरलंय. गाणाऱ्या आज्या सात-आठ, सगळ्या सत्तरीच्या आसपास. मदतीला कॉलेजची मुलं आणि त्यांचे मोबाइल. आज्यांना समोर बसवून "ओवी सांगा" म्हटलं की दोन-तीन ओव्यांवर गाडी अडते. शिवाय मुलं विचारतात, पीठ गिरणीतून येतं, मग या ओव्यांचं आज करायचं काय? जाणकारांनी नेमकं सांगावं.

खुंटा:
"सांगा" म्हणू नका, जात्यावर बसवा. ओवी चालीला आणि हाताच्या फेऱ्याला बांधलेली असते. नुसते शब्द मागितले की धागा तुटतो. दोघी समोरासमोर असतील तर उत्तम. एकीने ओळ धरली की दुसरी उचलते आणि पुढची ओवी आपोआप येते. विषयाचं बोट धरून विचारा: भावाच्या ओव्या, लेकीच्या, सीतेच्या, पंढरीच्या वाटेच्या. "पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी" अशी माळ सुरू झाली तर मध्ये अजिबात बोलू नका.

जातं पडून असेल तर आधी टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने पुन्हा टोचून घ्या. रिकामं फिरवू नका, दगडावर दगड घासला की शब्द बुडतात. अर्धा किलो ज्वारी घ्या आणि मूठमूठ वैरत राहा, घरघर बरीच खाली येते. मोबाइल जमिनीवर ठेवला तर जात्याचा हादरा थेट माइकमध्ये जातो. तो स्टुलावर घडी केलेल्या गोधडीवर, गाणारीच्या तोंडाच्या उंचीला, दोन-तीन फुटांवर ठेवा. विमान मोड चालू, पंखा बंद. रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये, मोनो, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. मिनिटाला साधारण 5 एमबी लागतात, म्हणजे तासाला 300 एमबीच्या थोडं वर. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जाऊ शकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रानवाट:
नोंदीत सासर आणि माहेर दोन्ही गावं हवीत. बहुतेक ओव्या माहेरी आईकडून, आजीकडून येतात आणि सासरी बदलतात. एकच गाव लिहिलं तर तो प्रवास पुसला जातो. ओवी कुणाकडून आली तेही विचारा.

लिहून काढताना भाषा "शुद्ध" करू नका. "म्हनं" असेल तर "म्हनं"च. "बाई", "सांगते बाई तुला" हे भरीचे शब्द मुलं हमखास गाळतात, पण चाल त्यांच्यावरच तोललेली असते. मूळ ओवी दोन ओळींची. गाताना तुकडे पुन्हापुन्हा येतात. म्हणून एका रकान्यात गायलेलं जसंच्या तसं, दुसऱ्यात नुसती दोन ओळींची ओवी, असं लिहा.

परवानगी रेकॉर्डिंगमध्येच, गाणारीच्या आवाजात घ्या. नवऱ्याच्या दारूच्या किंवा भाऊबंदकीच्या ओवीत खरी नावं असतात. ती ओवी गावात ऐकवायची की नाही हे तिनेच ठरवायचं.

घरघर:
मुलांचा प्रश्न रास्त आहे. ओवी कधीच एका काळात अडकून राहिली नाही. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. त्याच ओवीत पुढे रेल्वे आली, बाबासाहेब आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता त्यातल्या बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यातल्या आंबेडकरांवरच्या ओव्या मुलांना आधी ऐकवा. ज्या बायकांना शाळेचं दार दिसलं नाही, त्यांनी चळवळीचा इतिहास कसा जपला हे त्यांना तिथेच कळेल.

माझा आग्रह एकच: गोड ओव्या तेवढ्या निवडू नका. कार्यक्रमात नेहमी माहेर आणि विठोबा येतो, सासुरवास गाळला जातो. पहाटे, घर झोपेत असताना, बाईला मन मोकळं करायला जातं हीच जागा होती. ते गाऱ्हाणं काढून टाकलं तर उरते ती नुसती सजावट. सून किंवा दीर समोर बसलेले असतील तर या ओव्या येणारच नाहीत, म्हणून रेकॉर्डिंगला घरची माणसं नकोत. मुलगेही मागे राहू देत, मुलींनी पुढे बसावं.

वाचनवेल:
मनापासून आभार. 8 मार्चला स्टेजवर जातं मांडून कार्यक्रम करावा अशी सूचना आलीय. करावा का?

खुंटा:
माइक हातात आला की आज्या पाठ असलेल्या चार ओव्या म्हणून थांबतात. त्यापेक्षा वाचनालयात एक जुना मोबाइल आणि हेडफोन ठेवा. प्रत्येकीच्या दहा ओव्या, शेजारी लिहिलेली वही. वहीत दर ओवीसमोर अर्धं पान कोरं सोडा. ऐकायला येणाऱ्या बायका "आमच्याकडं असं म्हणतात" म्हणत स्वतःची ओवी सांगतात, ती तिथेच नाव-गाव घालून उतरवून घ्यायची.