आलामो नेमका कोणी वाचवला? पैसे देणारीने की दार लावून बसणारीने?

चिरेबंदी:
टेक्सासात सॅन अँटोनियो शहरातलं आलामो म्हणजे स्पॅनिश काळातलं ख्रिस्ती मिशन; १८३६ मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्यलढ्यातली प्रसिद्ध लढाई तिथे झाली. त्याची 'तारणहार' म्हणून क्लारा ड्रिस्कॉलचं नाव घेतलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. चॅपल सरकारने १८८३ मध्येच विकत घेतलं होतं. धोका होता तो शेजारच्या लांब बराकीला. तिच्यावर लाकडी दुकान चढवलेलं होतं, ते किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे होतं. आदिना दे झावाला मात्र सांगत राहिली की आतल्या भिंती जुन्या मिशनच्याच आहेत आणि ६ मार्च १८३६ ची मोठी झुंज तिथेच झाली. फेब्रुवारी १९०८ मध्ये ही शिक्षिका त्या इमारतीत स्वतःला कोंडून तीन दिवस बसली. पुढे लाकूडकाम उतरवलं, तेव्हा खाली दगडी भिंती निघाल्याच! तिचं म्हणणं खरं ठरलं.

पूर्वरंग:
बराकीच्या जागेचे ७५,००० डॉलर कुठून आले असते? ड्रिस्कॉलने स्वतःची मोठी रक्कम घातली, १९०५ मध्ये सरकारने ती परत केली. ड्रिस्कॉल नसती तर तिथे हॉटेल उभं राहिलं असतं, आणि आदिनाला कोंडून घ्यायला इमारतच उरली नसती. शिवाय ताब्याचा वाद कोर्टात होता. दोघी 'डॉटर्स ऑफ द रिपब्लिक ऑफ टेक्सास' या संस्थेच्या; एकाच संस्थेच्या दोन गटांचं भांडण असं दार लावून सोडवायचं का?

चिरेबंदी:
पैशाचं श्रेय मान्य. पण ज्या इमारतीसाठी पैसे दिले, तीच पाडून चॅपल मोकळं दिसू द्या असं ड्रिस्कॉलचं मत होतं. १९१३ मध्ये गव्हर्नर कोल्क्विट राज्याबाहेर असताना वरच्या मजल्याच्या भिंती पाडल्याच गेल्या. खालच्या उरल्या, आज तिथे संग्रहालय आहे. मग जतन कोणी केलं?

उंबरठा:
दोघींच्या भांडणात मूळ माणसं हरवतात. १७१८ चं हे मिशन. तिथल्या भिंती स्थानिक आदिवासींच्या श्रमाने उभ्या राहिल्या. आदिनाचे आजोबा टेक्सास प्रजासत्ताकाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष, तिलाही घराण्याचा अभिमान होताच. तरी एक कबूल करते: लढाईच्या आधीचा मिशनचा काळही तिला मोलाचा वाटे, ड्रिस्कॉलच्या गटाला फक्त १८३६ दिसत होतं.

पूर्वरंग:
हा मुद्दा पटला. सॅन अँटोनियोतल्याच स्पॅनिश गव्हर्नर्स पॅलेस या जुन्या वास्तूसाठीही आदिनाच झगडली, शहराने तो १९२८ मध्ये घेतला. पण 'तारणहार' एकच ठरवायला माझा अजूनही विरोध आहे.