शब्दचर्चा: ‘हँडमेड’ला दासी म्हणावं की बटीक?

प्रश्न

मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीतले काही उतारे आमच्या वाचनगटासाठी मराठीत करते आहे. गोष्ट गिलियडची, म्हणजे अमेरिकेत लोकशाही उलथवून आलेल्या धर्मसत्तेची. जन्मदर घसरलाय, म्हणून ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी नेमून दिल्या जातात. त्या हँडमेड. ‘दासी’ लिहिलं की डोळ्यांपुढे जनाबाई उभी राहते आणि शब्दातला सगळा जाच निघून जातो. दुसरं काही सुचतं का? ‘आंट’ आणि ‘सर्व्हाइव्ह’पाशीही गाडी अडली आहे.

प्रतिसाद

ताई, ‘दासी’ अगदीच टाकू नका. कादंबरीचा सगळा डोलारा बायबलातल्या उत्पत्तीच्या ३०व्या अध्यायावर उभा आहे. राहेलला मूल होत नाही, म्हणून ती आपली दासी बिल्हा नवऱ्याला देते आणि होणारं मूल राहेलचं धरलं जातं. मराठी बायबलातही शब्द दासी हाच आहे. मूल व्हावं म्हणून कमांडर, म्हणजे त्या घरचा अधिकारी, दर महिन्याला हँडमेडशी विधी म्हणून संबंध ठेवतो; त्याआधी तो घरातल्या सगळ्यांसमोर हाच भाग वाचतो. तिथे दासीच हवं, कारण पवित्र वाटणारा शब्द वापरूनच ती सत्ता आपलं काम उरकते.

एरवी मात्र मी ‘बटीक’ म्हणेन. पेशवाईच्या कागदांत बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. आणि सगळ्याच काही विकत घेतलेल्या नव्हत्या. बदअमलाचा, म्हणजे व्यभिचाराचा ठपका ठेवून बाईला सरकारजमा करत आणि बटीक म्हणून राबवत. गिलियडची रीत याहून फार वेगळी नाही. तिथे सगळी दुसरी लग्नं एका फटक्यात व्यभिचार ठरतात. नायिकेचा नवरा घटस्फोटित, म्हणून ती गुन्हेगार. तिची मुलगी काढून घेतात आणि तिला कामाला लावतात. आधी कायदा करून गुन्हा तयार करायचा, मग शिक्षा म्हणून बाईचं शरीर ताब्यात घ्यायचं. ‘सरकारजमा’ हा शब्दही तुमच्या अनुवादात कुठेतरी यायलाच हवा.

एक फरक तेवढा लक्षात असू द्या. आपल्याकडे बटकीला मालकापासून झालेलं मूल लेकवळा म्हणून खालच्याच पायरीवर राहायचं. गिलियडमध्ये ते थेट कमांडरच्या पत्नीच्या मांडीवर जातं आणि आई पुढच्या घरी रवाना होते.

‘कुणबीण’ मात्र नको. आजचा वाचक त्याचा अर्थ कुणबी समाजातली बाई असा घेईल, आणि उगाच एका समाजावर शिंतोडे उडतील.

प्रतिसाद

‘आंट’साठी बेलाशक मावशी घ्या. या बायका हँडमेडना वळण लावतात. गुरं हाकायची विजेची काठी त्यांच्या कमरेला असते, पण बंदूक नसते, तेवढा विश्वास त्यांच्यावरही कुणी टाकलेला नाही. आपण म्हणतोच ना, माय मरो आणि मावशी जगो. गिलियडने ही म्हण शब्दशः अमलात आणली: माय हिरावली आणि मावशी नेमली. ‘काकू’ने हे साधणार नाही. बाईवर पहारा ठेवायला बाईच नेमली, की पुरुषाला रोज हात उगारावा लागत नाही. मला तर कमांडरपेक्षा या मावश्यांचीच जास्त धास्ती वाटते.

प्रतिसाद

‘सर्व्हाइव्ह’ला ‘जिवंत राहणे’ फार ढोबळ होतं आणि ‘लढणे’ खोटं. तगणे म्हणा. पाऊस लांबला तरी कपाशी तगली, असं आम्ही म्हणतो. त्यात शौर्य नाही, पण मुळं सुटलेली नसतात. हँडमेडना चेहऱ्याला लावायला काही मिळत नाही, म्हणून नायिका जेवणातलं लोणी बुटाच्या टोकात दडवते आणि रात्री तोंडाला चोळते. कधीतरी आपल्याला पुन्हा कुणी मायेने हात लावेल, एवढ्या आशेवर. ही बाई काही बंड करत नाहीये. ती तगते आहे, आणि अनुवादात तेवढंच दिसावं. तिला वीरांगना करू नका.

प्रश्नकर्ती

बटीक, मावशी आणि तगणे, तिन्ही घेतले. आता नावाचं बघा. नायिकेला ‘ऑफ्रेड’ म्हणतात, म्हणजे ज्या फ्रेडच्या घरी ती आहे त्याची. ‘फ्रेडची’ करावं का?

प्रतिसाद

करा, ताई. उलट मराठीत ते जास्त बोचतं. इंग्रजीत नुसता मालक कळतो, आपल्या ‘ची’मध्ये मालकीची वस्तू बाई आहे हेही येतं. घर बदललं की नाव बदलणार, आणि तिच्या जागी आलेली दुसरीही ‘फ्रेडची’च. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलेल्या कितीतरी बायका आपल्या घरांत आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि जनाबाईला इतक्या लवकर निरोप देऊ नका. ‘नामयाची जनी’ यातही तोच ‘ची’ आहे. पण ते नाव जनी आपल्याच अभंगात, आपल्या तोंडाने घेते, आणि शेजारी ‘जनी’ शाबूत असते. ‘फ्रेडची’पुढे काहीच नाही. तिचं खरं नाव ती मनात जपून ठेवते, पण आपल्याला शेवटपर्यंत सांगत नाही. तेव्हा ‘फ्रेडची’ला जोडून बाई, ताई असं काही लावू नका. ती जागा रिकामीच दिसू द्या.