लंडनमधील इमारतीचे व्यवस्थापन लीजहोल्डरांकडे घेणे : नोटिसांबाबत सल्ला हवा

हॅरोकर : नमस्कार. हॅरो येथील आमच्या इमारतीत २४ फ्लॅट असून सर्वांची लीज (दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा) १२५ वर्षांची आहे. छत गळते म्हणून तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात ठेवलेली निळी बादली सलग दुसऱ्या हिवाळ्यातही तिथेच आहे, सर्व्हिस चार्ज मात्र दरवर्षी वाढतो. ‘राइट टू मॅनेज’साठी, म्हणजे लीजहोल्डरांनी इमारतीचे व्यवस्थापन स्वतःकडे घेण्याच्या हक्कासाठी, १३ घरे तयार आहेत. एका फ्लॅटचे मालक पुण्यात असतात आणि घरात भाडेकरू आहेत. मॅनेजिंग एजंटची चूक सिद्ध करावी लागते का, आणि नोटिसा कोणाला, कोणत्या क्रमाने द्याव्यात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

थेम्सकाठ : चूक सिद्ध करावी लागत नाही. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००२ च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म ॲक्टने दिलेला हा हक्क कोणतेही कारण न देता बजावता येतो.

आधी आरटीएम (राइट टू मॅनेज) कंपनी, म्हणजे व्यवस्थापन हाती घेणारी लीजहोल्डरांची कंपनी, नोंदवा. त्यानंतर जे लीजहोल्डर सभासद झालेले नाहीत आणि होण्यास कबूलही झालेले नाहीत, त्या प्रत्येकाला सहभागाचे निमंत्रण देणारी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यावर १४ दिवस उलटल्याखेरीज दाव्याची, म्हणजे व्यवस्थापन मागणारी, नोटीस देता येत नाही. पुण्याच्या मालकांनी इंग्लंड-वेल्समधील दुसरा पत्ता कंपनीला कळवलेला नसेल, तर फ्लॅटवर दिलेली नोटीस चालते. तरीही त्यांना ईमेलने प्रत पाठवाच, कारण भाडेकरू ते पाकीट पुढे धाडतील याचा भरवसा नसतो.

दाव्याच्या दिवशी निम्म्या फ्लॅटांचे, म्हणजे तुमच्याकडे १२ फ्लॅटांचे, लीजहोल्डर सभासद असले पाहिजेत. १३ हा आकडा मला फार काठावरचा वाटतो. मधल्या काळात दोघांनी घरे विकली तर सगळे अडेल.

दाव्याची नोटीस फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक), मधला लँडलॉर्ड (फ्रीहोल्डर आणि लीजहोल्डर यांच्यामध्ये असलेला पट्टेदार) आणि लीजमध्ये पक्षकार असलेली मॅनेजमेंट कंपनी या सर्वांना द्यावी लागते, शिवाय तिची प्रत प्रत्येक पात्र लीजहोल्डरला द्यावी लागते. आम्ही मधल्या लँडलॉर्डला वगळले होते आणि त्या एका चुकीपायी आमचे कित्येक महिने वाया गेले. गावाकडे जमिनीचा सातबारा पाहतो, तसा लँड रजिस्ट्रीतील (सरकारी मालमत्ता नोंदवहीतील) उतारा आधी काढा. अशा चुकीने दावा आपोआप रद्द होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले आहे, परंतु त्या निकालाच्या आधारावर निष्काळजी राहू नये.

हरकतीसाठी किमान एक महिना द्यावा लागतो आणि ताब्याची तारीख त्यानंतर किमान तीन महिन्यांची असावी लागते. हरकत आल्यास दोन महिन्यांत ट्रायब्यूनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करा, नाहीतर दावा मागे घेतल्याचे धरले जाते.

विंबल्डनवासी : तुमची इमारत मोठ्या वसाहतीचा भाग आहे का? २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार इतर इमारतींबरोबर सामाईक असलेले रस्ते आणि बागा या हक्कात येत नाहीत.

हॅरोकर : नाही, आमची एकच इमारत आहे. आपणा दोघांचे मनापासून आभार. उतारा आजच मागवतो. शनिवारी उरलेल्या घरी स्वतः जाऊन बोलेन आणि १५ सभासद होईपर्यंत दाव्याची नोटीस थांबवून ठेवतो.